वाकडं कापणारा हात

समजा, तुम्ही दुसरीत आहात. बाईंनी सांगितलंय, नव्या वर्षात पैसे घालून मिळालेली लाल पाकिटं फेकू नका, त्यांचा कंदील करून आणा. बारा पाकिटं घ्या, प्रत्येकाची घडी घाला, कडेला कड लावून स्टेपलर मारा, वरून दोरा ओवा. सोपं आहे. सातव्या पाकिटापाशी पिना संपतात, नवव्यापाशी डिंक कोपरापर्यंत येतो, आणि बारावं पाकीट पहिल्याला भेटायला तयार होत नाही. शेवटी जे काही बनतं ते एका बाजूला कलतं. तुम्ही ते उंच धरता आणि तुम्हाला वाटतं, चंद्र हातात आला.

आता असं समजा की तुमचं वय एकोणसत्तर आहे, बोटं तेराव्या वर्षापासून कागदात मुरलेली आहेत, आणि तुम्हाला नेमका तोच कलता कंदील करायचा आहे. पिना तितक्याच चुकलेल्या, डिंकाचा ओघळ तितकाच. बघणाऱ्याने खात्रीने म्हणायला हवं, हा दुसरीतल्या पोराने केलाय. तुम्हाला जमणार नाही. मला जमलं नाही, आणि मी यंत्रांची पदवी घेतलेला माणूस आहे.

हुओथूकाकांना जमतं.

यान हुओथू आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. गाव तैवानमधल्या ताइनानजवळ किनाऱ्यावरचं. एका अंगाला मासळीची तळी, दुसऱ्या अंगाला कालवांच्या शिंपल्यांचे ढीग. काकांचा पिढीजात धंदा कागदी घरांचा. माणूस गेला की त्याला वर राहायला घर लागतं, ते काका बांधतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद. तीन मजले, गच्चीवर पाण्याची टाकी, दारात मोटार, हाताखाली गुलाबी गालांचे दोन नोकर. मागे एका मासेवाल्याच्या मुलांनी बापासाठी अंग चेपणारी खुर्ची सांगितली, तर काकांनी तिला बटणंसुद्धा केली. मग ठरल्या दिवशी सगळं जाळून टाकायचं. त्यांच्या हातची एकही वस्तू दोन-तीन आठवड्यांवर टिकलेली नाही. ह्याचं त्यांना वाईट वाटतं असं ते कधी म्हणाले नाहीत. "बरंय," म्हणतात, "गिऱ्हाईक तक्रार करायला परत येत नाही."

असा धंदा असला की नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात कुणी तुमच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. रस्त्यात भेटले तरी लोक समोरच्या फुटपाथवर जातात, तेही नमस्कार करून. काकांना त्याचं काही नाही. कारण त्याच महिन्यात त्यांचं मागचं दार सर्वांत जास्त वाजतं.

आमच्याकडे प्रत्येक वर्ष एका प्राण्याचं असतं; पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला शाळेत त्या प्राण्याच्या कंदिलांची स्पर्धा असते. नियम एकच: कंदील मुलाने स्वतःच्या हाताने केलेला असावा. हा नियम काकांच्या दुसऱ्या धंद्याचा पाया आहे.

मागच्या दाराशी होणारं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचं न्हाणीघर त्या बोळालाच लागून आहे.

"कितवीत?"

"दुसरी अ."

"डावखुरा की उजवा?"

"उजवा."

"स्वभाव?"

"आता स्वभावाचं काय मध्येच, काका?"

"रडका असेल तर शेवटचा पाय घाईत होतो. हट्टी असेल तर तोच पाय तीनदा उपटून चिकटवलेला असतो."

"मग... हट्टी. बापावर गेलाय."

"माहीत आहे. बापाचाही मीच केला होता. वाघ."

पहिलीतलं मूल डिंक भरपूर लावतं, पण कडेला नाही, मध्ये. दुसरीतलं मूल गोल कापत नाही. बारा सरळ रेघा कापतं आणि त्याला गोल म्हणतं. तिसरीतल्याला आपलं वाकडं दिसायला लागतं, म्हणून ते खोडतं, आणि कागद तिथे पातळ होतो. हे सगळं काकांच्या बोटांत आहे. डावखुऱ्या मुलाचा कंदील ते डाव्या हाताने कापतात. बांबूला हात लावत नाहीत, लगेच ओळखू येईल म्हणून. मोबदला म्हणून कुणी संत्री देतं, कुणी सुकवलेली कालवं. माझा दुसरीतला ससा त्यांच्याच हातचा होता. त्याला उत्तेजनार्थ मिळालं. आई अजून पाहुण्यांना सांगते की मुलाला लहानपणापासून यंत्रांची आवड.

ह्याची सुरुवात सव्वीस वर्षांपूर्वी झाली. काकांचा मुलगा तेव्हा दुसरीत होता आणि कंदील करायचा विसरला होता. काकांनी सकाळच्या सकाळी कामट्यांचा कोंबडा करून दिला. पिसं एकेक चिकटवलेली. शाळेने तो परत पाठवला: 'हे काम मुलाचं नाही.' तीन मजली घर उभं करणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा काम परत आलं होतं. ते संतापले. बसले आणि दुसरा कोंबडा केला, जितका वाईट करता येईल तितका. त्याला दुसरं बक्षीस मिळालं. तो पंधरा दिवस शाळेच्या व्हरांड्यात लटकला आणि कुणी जाळला नाही. त्या दिवसांत काकांना शाळेवरून जायची बरीच कामं निघत.

गेल्या वर्षी मुलाने आपल्या मुलीला आजी-आजोबांकडे ठेवलं. दोघं नवरा-बायको उत्तरेला कारखान्यात पाळ्या करतात. यीछिंग तेव्हा दुसरीत होती. काकांनी न सांगता तिच्यासाठी कुत्रा केला, तिसरा आला, आणि पोरीने ते प्रशस्तिपत्रक आणून आजोबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तुमचं, आकोंग."

"अगं, नाव तुझं आहे."

"नाव माझं आहे. बक्षीस तुमचं आहे. बाईंनी विचारलं कान कसे केले, मी म्हटलं माहीत नाही. सगळे हसले."

यंदा डुकराचं वर्ष. यीछिंगने आधीच बजावून ठेवलं: आपलं डुक्कर आपणच करणार, आकोंगने हात लावायचा नाही, बघायचंही नाही, आणि खाली आपलंच नाव लागलं पाहिजे. तिने त्यांच्याकडून देवासमोर शपथ घेतली. काकांनी घेतली. मग ती पाण्याची मोठी रिकामी बाटली, नूडल्सचा कागदी पेला आणि काकांच्या कपाटातला गुलाबी कागद घेऊन माळ्यावर गेली आणि वरून शिडी ओढून घेतली.

नेमक्या त्याच वर्षी शाळेत चुंग बाई बदलून आल्या. तरुण, शहरातल्या, उत्साही. त्यांना वाटलं, मुलांच्या कलेचं परीक्षण मुख्याध्यापकांनी का करावं? गावात खरा कागदाचा कारागीर असताना? त्या लाल कागदावर आमंत्रण लिहून, पहिल्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, भर दुपारी, पुढच्या दाराने काकांच्या घरात शिरल्या. समोरची फळवाली त्यांना थांबवायला धावली होती, पण पोचेपर्यंत बाई आत चहा पीत होत्या.

"यान शिफू, तुम्हीच परीक्षक व्हायचं."

कारागिराला मान द्यायचा तर आमच्याकडे शिफू म्हणतात. काकांना त्या महिन्यात कुणी म्हातारा म्हणूनही हाक मारत नसे. ते नाही म्हणूच शकले नाहीत. माळ्याकडे एकदा बघून ते एवढंच म्हणाले, "नावं झाकून ठेवा. फक्त आकडे."

बाई गेल्यावर लानहुआकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ए म्हाताऱ्या माकडा, यंदा किती केलेस?"

"एकोणीस."

"मग सोपंय की. आपणच दळायचं, आपणच चाखायचं."

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात एकेचाळीस डुकरं मांडली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून फिरले. सहा नंबर: पहिली ब, रडका. पंधरा नंबर: चौथी, डावखुरी. आपलीच लेकरं दुसऱ्यांच्या कपड्यात. तेवीस नंबरपाशी ते थांबले. न्याहारीच्या दुकानवाल्या सू वहिनींच्या च्याहाओचं ते डुक्कर. हट्टी, तिसरी, उजवा. उजवा कान त्यांनी मुद्दाम डाव्या हाताने कापला होता, कारण तिथवर येईपर्यंत मुलाचा हात दमतो. एक डोळा खोडून खाली सरकवला होता. एवढं खरं खोटं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. पहिलं बक्षीस द्यावं तर ह्यालाच, हे त्यांना कारागीर म्हणून पटत होतं. आणि सव्वीस वर्षांत पहिलं बक्षीस त्यांना एकदाही मिळालं नव्हतं.

मग त्यांना एकतीस नंबर दिसला.

ह्याचे पाय चार दिशांना होते. नाक म्हणून लावलेला पेला पुढे हातभर आल्यासारखा, डिंक सगळीकडे. कागद ओळखीचा, नोकरांच्या गालांचा. कुणाचं डुक्कर ते सांगायला नको होतं. पण काका थांबले ते त्यामुळे नाही. काठीला बांधायची दोरी पोरीने मध्ये बांधायची सोडून पार मागे, शेपटीला लागून बांधली होती. कुणालाही कळेल की असा कंदील उचलला तर नाकावर आपटणार. काकांनी काठी उचलली. डुक्कर सपाट राहिलं. टेबलासारखं. त्यांनी हलवलं, आतून आवाज नाही. वजन विशेष नाही. पुन्हा उचललं. सपाट.

आयुष्यभर तोल सांभाळायचा धंदा केलेला माणूस. त्यांनी दोरीची गाठ बोटाने चाचपली. नातीला बक्षीस द्यावं तर गाव बोलणार. न द्यावं तर कशासाठी? त्यांनी एकोणीसही डुकरं बाजूला ठेवली आणि मुलांनी खरंच केलेल्या बावीसमधून तीन निवडली. पहिला, एकतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सू वहिनींच्या दुकानात अंड्याच्या पोळ्या करपत होत्या.

"तीन दिवस! तीन दिवस खपून केलं आमच्या च्याहाओने!"

रांगेत चुंग बाई उभ्या होत्या. "वहिनी, वाईट वाटलं असेल तर रीतसर तक्रार द्या ना. आपण च्याहाओला विचारू कसं केलं ते."

वहिनींनी उलथनं जोरात आपटलं. "तक्रार आमच्याबद्दल नाही हो. पहिल्या नंबराबद्दल. नात आहे त्याची! ते डुक्कर त्यानेच केलंय, आंधळ्यालाही दिसेल."

"पण किती वेडंवाकडं आहे ते! मोठं माणूस असं करेल का?"

"अहो, तेच तर! इतकं वाकडं लहान मूल कधी कापतं का? इतकं वाकडं ह्या गावात फक्त त्यालाच कापता येतं!"

"हे तुम्हाला कसं माहीत?"

दुकानात सात-आठ आया होत्या. सगळ्या एकदम सोयाबीनचं दूध प्यायला लागल्या.

दोन दिवसांत पत्र आलं. खाली सही 'काही पालक'. चुंग बाई बिचाऱ्या पुन्हा पुढच्या दाराने आल्या. ह्या वेळी चहा घेतला नाही.

"शिफू, मला फक्त खरं सांगा."

"हात लावला नाही मी. शपथ घेतलीय."

"लोक म्हणतात, ते काम तुमच्या हातचं आहे."

यीछिंग माळ्याच्या शिडीवर बसून ऐकत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग सव्वीस वर्षं मागच्या दाराने जे येत गेलं ते सगळं त्यांनी पुढच्या दारात आणून ठेवलं.

"बाई, माझ्या हातचे कोणते ते मी सांगतो. एकोणीस आहेत. सहा, पंधरा... तेवीस. तेविसाचा उजवा कान मी डाव्या हाताने कापलाय. डोळा खोडून खाली सरकवलाय. एकतीस माझा नाही, म्हणून तो मला कळत नाही."

चुंग बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांना वाटलं, झालं, आता शाळेचं दार आपल्याला कायमचं बंद. पण बाईंचे डोळे पाणावले होते.

"शिफू," त्या हळूच म्हणाल्या, "नातीसाठी माणूस काय काय बोलतो! तेवीस नंबर मी स्वतः बघितलाय. ते तर सरळसरळ लहान मुलाचं काम आहे."

"मीच केलंय ते!"

"बरं, बरं."

"कान बघा ना त्याचा!"

"बघितला. किती निरागस आहे."

काका खाली बसले. त्यांच्या कामाला एवढी मोठी पावती आजवर कुणी दिली नव्हती.

बाई गेल्यावर लानहुआकाकू जवळ आल्या. "माझ्याजवळ तरी खरं बोल. रात्रीतून उठून थोडा हात मारलास ना?"

शेवटी बाईंनीच न्याय्य मार्ग काढला. यीछिंगने सगळ्यांसमोर, दोन तासांत, आणखी एक डुक्कर करायचं. जमलं तर पहिलं डुक्करही तिचंच. यीछिंग म्हणाली, "करते." सामान शाळेने दिलं, सगळ्या शाळांना येतं तसं: मध्ये भोक पाडून आणलेली बाटली, आखून दिलेले कान, चिकटवायचे तयार डोळे, नाकाची गुलाबी चकती. पोरगी एकदा करून शिकली होतीच. तिने आखल्या रेषेवर कापलं, भोकात दोरी ओवली, डोळे चिकटवले. तास संपायच्या आधीच डुक्कर तयार. नीटनेटकं, गोंडस, शेजारच्या कुठल्याही डुकरासारखं.

आया पुढे आल्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

"बघा," सू वहिनी म्हणाल्या, "पोरीचा हात किती सरळ आहे. मग ते पहिलं कुणाचं?"

काकांकडे ह्याचं उत्तर होतं, पण ते सांगून झालं होतं.

एकतिसाचं बक्षीस काढून घेतलं, आणि बाईंनी स्वतः निवडून ते तेविसाला दिलं. च्याहाओने व्यासपीठावर प्रशस्तिपत्रक घेतलं आणि बाईंनी कान कसा केलास म्हणून विचारल्यावर तो रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मूल भावनाविवश झालं असं ठरलं. टाळ्या वाजवताना सू वहिनींनी वळून काकांकडे पाहिलं आणि मान किंचित वाकवली. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी पोळ्यांचा डबा ठेवलेला होता. काकूंनी तो शेजारी, म्हणजे आमच्याकडे, दिला. पोळ्या चांगल्या होत्या.

यीछिंगच्या पहिल्या डुकराचं काय करायचं हा प्रश्न उरला. ते परत पाठवणं चुंग बाईंना बरं वाटेना. कारागिराने प्रेमापोटी केलेली चूक, पण काम तर मोठं. त्यांनी ते शाळेच्या दाराशी, चषकांच्या काचेच्या कपाटात टांगलं. खाली पाटी: 'यान हुओथू शिफू यांची कलाकृती.' पंधरा दिवसांसाठी नाही. कायमचं.

अशा रीतीने काकांच्या हातची म्हणून जगात टिकून राहणारी एकच वस्तू आहे, आणि ती त्यांनी केलेली नाही.

पाटी वाचली त्या दिवसापासून यीछिंग त्यांच्याशी बोलेना. भात वाढला की खायची, छत्री दिली की घ्यायची. काका शाळेत तीनदा गेले. 'पाटी बदला,' म्हणाले. 'किती नम्र आहात,' हे उत्तर मिळालं. चौथ्यांदा ते कपाटाची काच पुसतो म्हणून गेले, सोबत घरून पिठाची खळ नेली, आणि आपल्या नावावर यीछिंगचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवून आले. त्यांची खळ एकदा धरली की आगीशिवाय सोडत नाही. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं, मग त्यांच्या लक्षात आलं की आजोबांनी आपलं काम नातीला अर्पण केलंय. त्यांनी पट्टीच्या वर सुंदर अक्षरात 'आजोबांकडून' असं लिहिलं आणि परगावच्या पाहुण्यांना त्या हे आवर्जून दाखवतात.

पट्टी पाहिल्यावर यीछिंग दोन दिवसांनी बोलली. फार नाही, पण बोलली. "खळ जास्त लावलीत. मध्ये."

"पहिलीतल्यासारखी," काका म्हणाले. ती हसली नाही, पण छत्री स्वतः मागून घेतली.

आता काका रोज तिला शाळेतून आणायला जातात, आणि सुटायच्या बरेच आधी जातात. कपाटापुढे उभे राहतात. मान वाकडी करून खालून बघतात, मागून बघतात. कपाट उघडून कागद सोलला तर कळेल. पण सोललं की मोडेल, आणि मोडायचं नाही. आत खडा असता तर वाजला असता. ओली माती असती तर कागदावर डाग आला असता. मी त्यांना एकदा कागदावर गणित मांडून दाखवलं, शेपटीकडे किती वजन लागेल त्याचं. ते म्हणाले, "किती ते मलाही कळतं. काय, ते सांग."

परवा घंटा झाल्यावर यीछिंग दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी कामावरून येताना फाटकाशी थांबलो होतो.

"सांग ना," काका म्हणाले. "फक्त मला."

"काय सांगू, आकोंग?" तिने पाटीकडे बोट केलं. "तुम्हीच केलंय ना ते? सगळ्या गावाला माहीत आहे."

आणि ती पुढे चालायला लागली. काका जागचे हलले नाहीत. काचेला कपाळ लावून ते त्या शेपटीजवळच्या दोरीकडे बघत होते, आणि पुटपुटल्यासारखं, तिला की डुकराला कळेना, पुन्हा विचारत होते:

"पण मग हे नाकावर पडत का नाही?"